काचेची आतली बाजू

दाजींच्या जीपच्या पुढच्या काचेला पावसाचं औषध मी आतल्या बाजूनंही लावलं होतं. एवढं एक वाक्य मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेलो नाही. आईजवळ नाही, आबांजवळ नाही, लग्नानंतर बायकोजवळही नाही. दाजींनी तर मला ते सरळ विचारलं होतं, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणालो होतो. आता पन्नाशी उलटली. मागच्या महिन्यात हे वाक्य पहिल्यांदा कागदावर उतरवलं तेव्हा ते जेमतेम दीड ओळीचं निघालं. इतकी वर्षं ते मला केवढं तरी मोठं वाटत होतं.

औषध हा आमच्या दुकानातला शब्द. बाटलीवर इंग्रजीत लांबलचक नाव असतं, पण गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "ते पाण्याचं औषध लावून द्या." पातळ, स्पिरिटच्या वासाचं, पाण्यासारखंच दिसतं. काचेवर नीट लावलं की पावसाचं पाणी काचेला धरत नाही. थेंबांचे गोळे होतात आणि गाडीनं वेग घेतला की वाऱ्यानं काचेवरून वर पळतात. वायपर बंद ठेवूनही समोरचा रस्ता दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही जादूच वाटते, मलाही वाटली होती. आज माझं स्वतःचं गाड्यांच्या काचांचं दुकान आहे आणि पावसाळ्यात दिवसाला चार-पाच गाड्यांना मी हे लावतो. एखादं गिऱ्हाईक हौसेनं म्हणतं, "शेठ, आतून पण मारा एक हात." तेव्हा माझ्या तोंडून "नाही" इतक्या जोरात येतं की कामावरचे कारागीर मान वर करून बघतात. त्यांना वाटतं, मालक बाटली वाचवतोय. माझ्या उस्तादांविषयी एकेकाळी मलाही तसंच वाटलं होतं. सगळं तिथूनच सुरू झालं.

आम्ही देवळाली कॅम्पाच्या कडेला राहायचो. आबा कॅम्पातल्या एका मेसमध्ये स्वयंपाकी होते. तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. आई वर्तमानपत्राच्या घड्या करून चौकटीच्या फटींत खोचायची, तरी एखादं तावदान किणकिणत राहायचंच. आबा भाकरी मोडता मोडता म्हणायचे, "आज साहेब लोक तापलेत वाटतं." पाहुणे दचकायचे, आम्ही नाही. उलट चार दिवस सराव बंद राहिला तर आई म्हणायची, घर मुकं झाल्यासारखं वाटतं. आबांच्या हाताला मेसचं माप बसलेलं. चार माणसांचं करायला घेतलं की दहा जणांचं व्हायचं. रविवारी काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीच्या भाकरी, आणि कुणी खास आलं तर मेसमध्ये शिकलेलं ब्रेडचं पुडिंग. ते वाफेवर शिजताना घरभर जायफळाचा वास सुटायचा. दर पौर्णिमेला कॉलनीतल्या विहारात आम्ही सगळे वंदनेला जायचो, आणि परत येताना आई ठरलेल्या टपरीवरून शेव घ्यायची. प्रेमाचं बोलून दाखवायची पद्धत आमच्या घरात नव्हती. जे काही असेल ते ताटात वाढायचं. एकदा जावयानं नको नको म्हणत ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर आबांनी भाकरी त्याच्या हातांवर ठेवली, आणि वरून रस्सा ओतायला निघाले तेव्हा आईनं त्यांचं मनगट धरलं.

हा जावई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, नंदाताईचा नवरा पुंडलिक. माझे दाजी. मूळचे दिंडोरीकडच्या खेड्यातले, राहायला पंचवटीत. त्यांची स्वतःची जीप होती आणि तिच्यातून ते पेठकडच्या शाळांवरच्या शिक्षकांना रोज नेऊन परत आणायचे. नऊ माणसं, ठरलेली. सकाळी सहाला निघायचं, सावळ घाट चढायचा, एकेकाला शाळेच्या फाट्यावर सोडायचं. शिक्षकांचा त्यांच्यावर इतका विश्वास की गाडीत बसलं की निम्मे लोक झोपायचे. दाजी ते अभिमानानं सांगायचे. "आपल्या गाडीत माणूस झोपला म्हंजे आपल्याला सर्टिफिकेट भेटलं," असं म्हणायचे. पेठकडचा पाऊस ज्यानं पाहिला त्यालाच कळेल तो कसा असतो. जीपचा वायपर त्याच्यापुढे टिकायचा नाही. मग दाजी जुन्या ड्रायव्हर लोकांचा उपाय करायचे. गाडी थांबवून, हातावरची तंबाखू ओली करून काचेवर चोळायचे. तिचा चिकट थर बसला की पाणी थोडं तरी सरकायचं.

विशीतला मी तेव्हा नाशिकरोडला रशीदचाचांकडे काचेचं काम शिकत होतो. चाचा बारीक, पांढऱ्या दाढीचे, काचेला कधी बोट न लावणारे, नेहमी तळहाताच्या कडेनं तिला उचलणारे. औषधाची पहिली बाटली त्यांचा भाचा परदेशातून घेऊन आला होता. ते लावायची त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी साबणाच्या पाण्यानं धुवायचं, मग बारीक पावडरीचा लेप करून सगळी काच घासायची, मग तिच्यावर पाणी सोडून बघायचं. पाण्याचा पडदा मध्ये कुठं फाटला तर तिथं अजून तेलकटपणा आहे, पुन्हा घासायचं. मग स्पिरिट. मग फडक्याची घडी करून औषध लावायचं, छोटे छोटे गोल फिरवत, प्रत्येक गोल आधीच्या गोलावर निम्मा चढलेला. थोड्या वेळानं काचेवर साय धरल्यासारखी पांढुरकी झाक येते, ती कोरड्या फडक्यानं पुसून काढायची. शेवटी तोंड जवळ नेऊन हाऽऽ करून श्वास सोडायचा. डाग राहिला असेल तर वाफेत लगेच दिसतो.

मी एकदा विचारलं होतं, "चाचा, आतून का नाही लावायचं? आतूनही काच धुरकट होतेच की."

"अरे बेटा," चाचा म्हणाले, "बाहेर वारा आहे, पाणी पळून जातं. अंदर काय आहे? माणसांचा श्वास. तो पळून कुठं जाणार? तिथंच बारीक बारीक दाणे धरून बसतो. वरून समोरच्या गाडीचा लाइट पडला ना, तर काचेवर दूध सांडल्यासारखं दिसतं. अंदर कभी नहीं. किसीने कितना भी बोला तो नहीं."

इतकं स्पष्ट सांगितलं होतं. मला ऐकू आलं नव्हतं किंवा कळलं नव्हतं, असं म्हणायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती.

तो श्रावणातला रविवार होता. नंदाताई आणि दाजी जेवायला आले होते, ताईची दोन वर्षांची मुलगी आबांच्या मांडीवर होती. जेवताना माझी चेष्टा सुरू झाली.

"काय मेव्हणे, तुम्ही म्हणं आता पावसाला बी दटावता?"

"दटावतो. तुमच्या तंबाखूसारखी त्याला लाच नाही देत. खायची का काचेला लावायची, एकदा ठरवा तरी."

"निम्मी मला, निम्मी गाडीला," दाजी म्हणाले. "दोघांना बी तलफ हाय."

ताई मात्र हसली नाही. "लावून दे रे ते तुझं औषध," ती म्हणाली. "घाटात पाऊस लागला की इथं माझं कामात लक्ष नसतं. आता पुढच्या महिन्यात अजून एक शिक्षिका वाढणार म्हणतात गाडीत."

"बाहेरचं एक ऱ्हावू दे," दाजी म्हणाले, "नऊ माणसं ओल्या कपड्यांनी बसली की आतून जी वाफ धरती, तिचं काय करावं? एक हात स्टेरिंगला, एक हात फडक्याला. लय ताप हाय."

पुडिंग खाऊन आम्ही दोघं जीप घेऊन दुकानावर गेलो. दुकानाला सुट्टी होती, किल्ली माझ्याकडे असायची. दाजी बाकावर आडवे झाले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. मी काचेला भिडलो. तंबाखूचे थर निघता निघत नव्हते. दोनदा घासली, पाणी सोडून पाहिलं, पडदा कुठंही फाटला नाही. बाहेरच्या बाजूचं काम मी त्या दिवशी जेवढं चोख केलं तेवढं आजही क्वचित करतो. संपलं तेव्हा बाटलीत थोडं औषध उरलं होतं. दाजींचं जेवतानाचं बोलणं डोक्यात होतं. चाचांचंही होतं. पण मला वाटलं, परदेशातून येणारी बाटली, चाचा पुरवून पुरवून वापरतात, म्हणून आतून नको म्हणत असतील. आणि घरचा जावई म्हटल्यावर हात आखडता घेणं माझ्या रक्तात नव्हतं. मी आबांचाच मुलगा. ताटावर हात धरलेल्या माणसाच्या हातावर भाकरी ठेवणाऱ्याचा.

मी आत शिरलो आणि काचेला आतून एक हात दिला. मग वर दुसरा. डॅशबोर्डमुळे हात नीट पोचत नव्हता, मान वाकडी करून लावत होतो. साय धरली ती पुसताना खांदा भरून आला होता, खालच्या अर्ध्या भागावर फडकं नुसतं फिरवलं. श्वास सोडून बघायचं राहिलं. राहिलं असं लिहितोय, पण खरं म्हणजे कंटाळा केला. कोरड्या हवेत काच आरशासारखी दिसत होती. दाजी उठले, आळस देत गाडीभोवती फिरले, काचेवर मगभर पाणी ओतलं. पाण्याचे मोती होऊन घरंगळले तसे ते लहान मुलासारखे हसले आणि खिशातली तंबाखूची पुडी काढून माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "घ्या, हिची नोकरी गेली." आतून लावल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. सकाळी त्यांना आपोआप कळेल, चकित होतील, असा माझा बेत होता.

सोमवारी सकाळी सावळ घाटात पाऊस होता. पुढचं मला जसं नंतर कळलं तसं सांगतो. शिक्षक झोपले होते. पुढच्या सीटवर गावित बाई होत्या, सुरगाण्याकडच्या, पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या. बाहेरून काच छान होती. आतून वाफ धरायला लागली तशी दाजींनी फडक्यानं पुसली, तर ती जाण्याऐवजी पसरली. पुन्हा पुसली, आणखी पसरली. ते वेग कमी करत होते, तेवढ्यात वळणावरून लाइट लावलेली एसटी समोर आली आणि सगळी काच पांढरी झाली. दाजींनी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. दरीच्या बाजूला घेतली असती तर मी आज हे लिहायला बसलो नसतो, बसायचं तोंडच राहिलं नसतं. जीप कडेच्या चरीत जाऊन दगडावर आदळली. दाजींचं कपाळ फुटलं. बाकीच्यांना मुका मार. गावित बाईंचा उजवा गुडघा मोडला आणि त्या बेशुद्ध झाल्या. आदळण्याआधीचं त्यांना पुढे कधीच काही आठवलं नाही.

मंगळवारी मी पोलीस चौकीच्या आवारात गेलो. शिक्षकांचे डबे आणि दाजींची पिशवी आणतो असं घरी सांगितलं होतं. पंचनामा झाला होता, गाडी तपासायला आरटीओचे साहेब यायचे होते. काचेला डावीकडे तडे गेले होते, पण ड्रायव्हरच्या समोरचा भाग शाबूत होता. मी आत बसलो आणि रविवारी जे करायचं टाळलं होतं ते केलं. हाऽऽ करून श्वास सोडला. काचेवर माझे गोल उमटले. एकावर एक निम्मे चढलेले, रांगेनं, खालच्या अर्ध्या भागात अगदी दाट. माझ्या हातानं सही केल्यासारखे. मग खिशातून स्पिरिटची बाटली काढली. ती मी घरून निघतानाच बरोबर घेतली होती, हेही आता लिहून टाकतो. सगळी आतली बाजू पुसून काढली. पुन्हा श्वास सोडला, पुन्हा पुसली, एकही गोल दिसेनासा होईपर्यंत.

चौकीतले हवालदार छत्री घेऊन जवळ आले. "काय रे, काय करतोय?"

"रक्त पुसतोय, साहेब. दाजींची गाडी आहे."

"पूस, पूस," ते मायेनं म्हणाले. "त्यांना बघवणार नाही."

संध्याकाळी दवाखान्यात दाजींपाशी मी एकटाच होतो, ताई मुलीला घेऊन चहा आणायला गेली होती. दाजींच्या डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून मिटलेला. छताकडे बघत ते म्हणाले, "संजू, एक इचारू का? राग नको मानू."

"बोला ना दाजी."

"तू काचेला आतून बी लावलं व्हतं का रे? काल सकाळी पुसताना हाताला गुळगुळीत लागली. नि अशी पांढरी झाली नं एकदम, दुधावानी. मी आजवर तसं पाह्यलं नाय."

चाचांचाच शब्द. चाचांना त्यांनी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"नाही दाजी," मी म्हणालो. "आतून लावतच नाहीत ते."

"नक्की?"

"नक्की. तंबाखूचा हात लागला असेल कधी, म्हणून गुळगुळीत."

ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मंग माझाच डोळा लागला आसंल. पांढरं दिसलं ते झोपेतलं आसंल." आणि मी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

त्यांना कुणी वाईट बोललं नाही, हे मला सांगायला हवं. आरटीओच्या साहेबांना गाडीत दोष सापडला नाही. शिक्षक मोसंबी घेऊन घरी आले, म्हणाले, "पुंडलिकराव, रोज पहाटे उठतो माणूस, लागतो डोळा. आमची काही तक्रार नाही." केस मिटली. गावित बाईंनी काठी टेकत येऊन ताईच्या मुलीच्या हातावर खाऊ ठेवला. कुणी भांडलं असतं, आरोप केले असते, तर दाजी कदाचित उलटून म्हणाले असते की मी जागा होतो. पण सगळ्यांनी समजून घेतलं, आणि समजून घेणाऱ्यांशी भांडता येत नाही. दोन महिन्यांनी शिक्षकच परत बोलवायला आले तेव्हा दाजींनी हात जोडले. "आपला डोळा लागला हे ज्याला कळत नाय, त्यानं दुसऱ्याची माणसं गाडीत घालू नये," असं म्हणाले. जीप विकली. पुढची वीस-बावीस वर्षं त्यांनी द्राक्षांच्या पॅकिंग शेडवर खोकी भरली, एका जागी, उभ्यानं. स्टेअरिंगला पुन्हा हात लावला नाही. बसमध्ये बसले तरी कानाची पाळी चिमटीत धरून बसतात, झोप लागू नये म्हणून. आमची मुलं त्यांची नक्कल करून हसायची, दाजीही हसायचे.

सांगायच्या संधी आल्या नाहीत असं नाही. चाचा गेले तेव्हा, आबा गेले तेव्हा, माझं दुकान उघडलं आणि दाजींच्या हातून फीत कापून घेतली तेव्हा. प्रत्येक वेळी मी स्वतःला समजावलं की आता सांगून काय उपयोग, उलट त्यांना त्रासच होईल. हे समजावणं माझ्या सोयीचं होतं. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं शील येतं, तेव्हा इतकी वर्षं मी नुसते ओठ हलवतो. शेजारी उभ्या बायकोला वाटतं, माझा आवाज बसलाय.

मागच्या महिन्यात दाजींच्या नातवाचं, म्हणजे त्या दोन वर्षांच्या मुलीच्या मुलाचं बारसं झालं. जेवणं झाल्यावर भाचीनं बाळ दाजींच्या मांडीवर ठेवलं. ते खुर्चीत ताठ झाले. बाळाला दोन्ही हातांनी धरलं, पण नजर आमच्यावर. "माझ्याशेजारी कुनीतरी बसा," ते म्हणाले. "दुपारची वेळ हाय. माझा भरोसा नाय." सगळे हसले. ताई म्हणाली, "तीस वर्षं झाली, अजून हेच यांचं." मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. बाळ झोपलं, आणि दाजी टक्क जागे राहून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते, मी उठून जाणार नाही ना याची खात्री करत. त्यांचे डोळे या वयातही स्वच्छ आहेत. ते कधीच मिटले नव्हते, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

त्या रात्रीपासून हे लिहितोय. लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, एवढं मला कळतं. दाजी वाचत नाहीत, आणि त्यांच्याआधी दुसऱ्या कुणाला हे वाचायला द्यायचा मला हक्क नाही. मला पंचवटीत जाऊन, ताईसमोर, आणि गावित बाई येतील तर त्यांच्याही समोर, दाजींना म्हणायचं आहे की त्या सोमवारी तुम्ही जागे होता; काच मी पांढरी केली, मी पुसली, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. त्यावर त्यांनी मला जवळ बसवावं की दार दाखवावं, हे त्यांनी ठरवायचं. दाजींचं एवढं देणं माझ्याकडे बाकी आहे, आणि आज, हे लिहीपर्यंत, मी ते फेडलेलं नाही.